मालगुडी : वाचलेले आणि पाहिलेले

ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये एक अलिखित करार असतो. शब्द लेखकाने द्यावेत आणि चित्र वाचकाने काढावे, असे त्याचे स्वरूप असते. ज्या कृतीच्या नावावरून मराठीने ‘कादंबरी’ हा शब्द उचलला, त्या बाणभट्टाच्या कथेतील अच्छोद सरोवर आजवर कोणीही पाहिलेले नाही. तरीही ज्याने ती कथा मन लावून वाचली, त्याला त्या सरोवराचा काठ ठाऊक असतो. हे सरोवर त्याचे स्वतःचे असते. शेजारी बसून तेच पुस्तक वाचणाऱ्या मित्राचे सरोवर त्याहून निराळे असते, आणि या निराळेपणाने कोणाचेही काही बिघडत नाही.

चित्रपट किंवा दूरदर्शन ज्या दिवशी त्या कथेला हात घालते, त्या दिवशी हा करार मोडतो. हजारो वाचकांच्या मनांतील हजारो सरोवरे बाजूला सारून पडद्यावर एकच सरोवर उभे राहते. काहींना ते आपले वाटते, बहुतेकांना परके वाटते, आणि कित्येकांना तर ते पाहिल्यावर स्वतःचे सरोवर पुन्हा आठवतच नाही. कल्पित सृष्टीवर प्रेम करणारा वाचक अशा रूपांतरांवर एवढा का संतापतो, याचे मूळ येथे आहे. संतापाचे कारण वरवर पाहता कथेतील एखादा बदल असतो. वास्तविक दुःख असते ते आपल्या मालकीची एक वस्तू हिरावली गेल्याचे.

ह्या दुःखाचा, आणि क्वचित घडणाऱ्या त्याच्या परिहाराचा, इतिहास भारतात पाहावयाचा झाल्यास मालगुडीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. मालगुडी हे गाव भारताच्या कोणत्याही नकाशावर नव्हते. ते जन्मले बेंगळूरुमध्ये, एका कोऱ्या वहीत.

सन १९३० मधील सप्टेंबर महिना होता. बंगलोर ह्या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या ह्या नगरात एक तरुण पदवीधर आपल्या आजीकडे राहत होता. घरची भाषा तमिळ, वाढता काळ गेला तो मद्रास आणि म्हैसूर येथे, आणि लिहावयाची हौस इंग्रजीत. आजीने शुभ दिवस पाहून दिला. त्या दिवशी त्याने वही आणली आणि पहिले वाक्य लिहिले. ते लिहिताना एक लहानसे रेल्वे स्थानक त्याच्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहिले आणि त्या स्थानकाचे नाव मालगुडी होते, असे आर. के. नारायण यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. बेंगळूरुच्या मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी ह्या दोन जुन्या वस्त्यांच्या नावांची अर्धी अर्धी जोडणी करून हे नाव झाले, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती त्या नगरात सांगितली जाते. ती खरी मानण्यास लेखकाचा आधार नाही. परंतु आवडत्या गावावर आपला हक्क सांगण्याची वाचकांची जी स्वाभाविक ओढ असते, तिचा हा पहिला पुरावा म्हणून तिच्याकडे पाहता येईल.

वहीतील त्या पहिल्या वाक्यापासून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी उभी राहिली. अभ्यासाला कंटाळलेला, क्रिकेटने झपाटलेला, वडिलांच्या धाकात आणि आजीच्या लाडात वाढणारा स्वामीनाथन हा मुलगा तिचा नायक आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारेही ह्या कथेत येऊन पोहोचते. मुंबईच्या एका राजकीय कार्यकर्त्याच्या अटकेचा निषेध करण्यासाठी शरयू नदीच्या काठी सभा भरते आणि तिच्या ओघात स्वामी आपल्या शाळेच्या काचा फोडून बसतो. हस्तलिखित इंग्लंडमधील प्रकाशकांकडून परत येत राहिले, तेव्हा निराश झालेल्या नारायणांनी ऑक्सफर्ड येथील आपल्या मित्राला ते दगड बांधून टेम्स नदीत बुडवण्यास कळवले होते. मित्राने ते नदीऐवजी ग्रॅहॅम ग्रीन यांच्या हाती दिले. ग्रीन यांच्या शिफारशीने १९३५ मध्ये ते पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी म्हैसूरमध्ये डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी ह्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपले खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव लाभले. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते स्वीकारले. एकाच संस्थानच्या भूमीतून, एकाच सुमारास, न दिसणारे गाव आणि न दिसणारी वाणी अशा दोन गोष्टी भारताला मिळाल्या.

पुढील सहा दशके नारायण त्याच गावाबद्दल लिहीत राहिले. मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, अल्बर्ट मिशन शाळा, शरयूचा काठ, दूरवरचे मेम्पी डोंगर, सावकारी सल्ला देणारा मार्गय्या, मिठाई विकणारा जगन ह्या सर्वांनी मिळून असे एक नगर तयार झाले की, एका अमेरिकन अभ्यासकाने केवळ पुस्तकांतील उल्लेखांवरून त्याचा नकाशा रेखाटला. गाव नेमके कोठे आहे, हे सांगण्याचे मात्र लेखकाने कटाक्षाने टाळले. ते दक्षिण भारतात आहे असे म्हटले तरी ते अर्धेच सत्य होईल, कारण तेथील माणसे जगात कोठेही भेटू शकतात, अशी त्यांची भूमिका होती. मालगुडीचा पत्ता रिकामा ठेवण्यातच वाचकाची सोय होती. ज्याचे त्याने त्या जागी आपले गाव लिहावे.

रिकाम्या ठेवलेल्या ह्या पत्त्यावर पहिला मोठा घाला चित्रपटाने घातला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द गाइड’ ह्या कादंबरीला १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९६५ मध्ये तिच्यावर आधारलेला देव आनंद यांचा हिंदी चित्रपट झळकला. चित्रपट म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे. विजय आनंद यांचे दिग्दर्शन, सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि वहिदा रेहमान यांचे नृत्य यांची मोहिनी आजही ओसरलेली नाही. परंतु मालगुडीच्या निर्मात्याला त्यात मालगुडी सापडले नाही. कथेच्या मुळाशी असलेली म्हैसूर परिसरातील ठिकाणे त्यांनी चित्रपटाच्या मंडळींना हिंडून दाखवली होती. मंडळींनी ती पाहिली आणि चित्रणासाठी जयपूर-उदयपूर गाठले. मालगुडी मुळातच काल्पनिक असल्यामुळे ते कोठेही नेता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कादंबरीचा शेवट लेखकाने संदिग्ध ठेवला होता. उपोषणाने क्षीण झालेल्या राजूला डोंगरापलीकडे पाऊस आल्याचा भास होतो, तो खरा की खोटा हे वाचकाने ठरवावयाचे असते. चित्रपटात पाऊस प्रत्यक्ष कोसळतो. नारायणांनी ह्या साऱ्या प्रकाराविषयी जो लेख लिहिला, त्यात विनोदाच्या पातळ पडद्याआड खोल व्यथा आहे. गंमत अशी की, चित्रपटसृष्टीचा उत्कृष्ट कथेचा फिल्मफेअर पुरस्कार त्याच चित्रपटासाठी त्यांच्या पदरात पडला.

त्या युक्तिवादातील दोष ध्यानात घेण्याजोगा आहे. काल्पनिक वस्तू कशीही असू शकते, हे म्हणणे वरवर तर्कशुद्ध भासते. प्रत्यक्षात ते उलटे आहे. खरे शहर एखाद्या चित्रपटात चुकीचे दाखवले तर त्या शहराचे काही बिघडत नाही; ते आपल्या जागी उभे असते. कल्पित नगराला असा आधार नसतो. त्याचे सारे अस्तित्व लेखकाच्या शब्दांत आणि वाचकाच्या स्मृतीत असल्यामुळे त्याच्या बारीकसारीक तपशिलांची राखण अधिक दक्षतेने करावी लागते.

ह्या पार्श्वभूमीवर दूरदर्शनचा प्रवेश झाला. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, बेंगळूरुला दूरदर्शन केंद्र आले होते. जुलै १९८४ पासून दाखवल्या गेलेल्या ‘हम लोग’ ह्या मालिकेने हे नवे माध्यम घराघरांत रुजवले. तिच्या अखेरीस प्रेक्षकांशी बोलणाऱ्या अशोककुमार यांच्या नावे सुमारे चार लाख पत्रे आली, हे पाहिल्यावर प्रेक्षक आता केवळ पाहणारा राहिलेला नसून बोलणाराही झाला आहे, हे सर्वांना उमगले.

याच काळात टी. एस. नरसिंहन् ह्या निर्मात्याने नारायणांच्या कथांची मालिका करण्याचे योजले आणि दिग्दर्शनाची धुरा शंकर नाग यांच्याकडे सोपवली. शंकर नाग यांचा जन्म १९५४ चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर परिसरातील, घरची भाषा कोंकणी. त्यांच्या कलाजीवनाची उमेदवारी मात्र मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली. चापेकर बंधूंच्या जीवनावरील ‘२२ जून १८९७’ ह्या १९७९ मधील मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. पुढे बेंगळूरु ही त्यांची कर्मभूमी झाली. १९८० मधील ‘ऑटो राजा’ ह्या कन्नड चित्रपटाने तर त्यांना रिक्षाचालकांचा लाडका नायक केले. त्यांच्या निधनाला तीन दशके उलटून गेल्यावरही बेंगळूरुच्या रिक्षांवर त्यांचे चित्र आढळते.

मालिकेच्या इतर कलावंतांकडे पाहिले तरी मराठी श्रोत्याला अनेक नावे आपल्या घरची वाटतील. स्वामीच्या करड्या वडिलांची भूमिका गिरीश कर्नाड यांनी केली. त्यांचा जन्म माथेरानचा आणि प्रारंभीचे शिक्षण मराठीतले. ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’ ह्या कादंबरीतील जगन साकारला तो शंकर नाग यांचे थोरले बंधू अनंत नाग यांनी. त्यांचेही प्रारंभीचे दिवस मुंबईच्या रंगभूमीवर गेले. शीर्षकाची रेखाचित्रे काढली आर. के. लक्ष्मण यांनी. ते नारायणांचे धाकटे बंधू. त्यांचा ‘सामान्य माणूस’ मुंबईच्या वृत्तपत्रात वाढला आणि त्यांनी स्वतः २०१५ मध्ये पुण्यात अखेरचा श्वास घेतला. स्वामी झाला तो मंजुनाथ हा बालकलावंत. संगीत होते एल. वैद्यनाथन् यांचे; शीर्षकाची ती साधी, गुणगुणावीशी धून त्या पिढीच्या कानांतून आजही गेलेली नाही.

चित्रणासाठी शिमोगा जिल्ह्यातील, आज शिवमोग्गा म्हणतात त्या जिल्ह्यातील, आगुंबे हे घाटमाथ्यावरचे गाव निवडले गेले. प्रचंड पर्जन्यामुळे त्याला दक्षिणेचे चेरापुंजी म्हणतात. तेथील ‘दोड्डमने’ हा शंभराहून अधिक वर्षांचा चौसोपी वाडा स्वामीचे घर झाला. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी गावच्या चौकात सर फ्रेडरिक लॉली ह्या काल्पनिक इंग्रज अधिकाऱ्याचा पुतळा उभारला. मालगुडीचे स्थानक म्हणून त्याच जिल्ह्यातील अरसाळू हे चिमुकले रेल्वे स्थानक घेण्यात आले. जयपूरच्या महालांच्या जागी कौलारू घरे, माजघर, ओसरी, पावसाने काळवंडलेल्या भिंती, दुपारची सुस्त वेळ असे सारे पडद्यावर आले. ‘मालगुडी डेज’ ही मालिका १९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आली. शंकर नाग यांनी तिचे एकोणचाळीस भाग केले. आरंभीचे भाग हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित झाले होते.

आणि येथे नेहमीच्या नियमाला अपवाद घडला. ‘गाइड’ने दुखावलेले नारायण ह्या मालिकेवर संतुष्ट झाले, निर्मात्यांनी मूळ कथेला धरून राहिल्याबद्दल त्यांनी त्यांचे कौतुक केले. वाचकांनीही मालिकेला आपले म्हटले. इतकेच नव्हे, तर ज्यांनी नारायणांचे एकही पान वाचले नव्हते, असे लक्षावधी प्रेक्षक मालगुडीचे रहिवासी झाले.

हा अपवाद किती दुर्मिळ होता, हे त्याच दशकातील इतर उदाहरणांशी ताडून पाहता येते. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेची लोकप्रियता अपूर्व होती. दूरदर्शन संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक ती पाहत. परंतु ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकाशी ती थांबताच वाल्मीकींना आपले आद्य गुरू मानणाऱ्या सफाई कामगारांनी उत्तरकांड दाखवावे म्हणून पंजाबात संप केला, आणि शासनाला पुढील कथा दाखवावी लागली. सीता, लव, कुश आणि त्यांना आश्रय देणारे ऋषी यांच्यावाचून कथा पूर्ण होत नाही, हा त्यांचा आग्रह होता. तो केवळ श्रद्धेचा नव्हता. कथेत आपले स्थान कोठे आहे, ह्याचा होता. बेंगळूरुच्या उंबरठ्यावर, देवनहळ्ळी येथे जन्मलेल्या टिपू सुलतानावरील मालिकेचे भाग्य आणखी निराळे. भगवान गिडवानी यांच्या १९७६ मधील कादंबरीवर ती आधारलेली होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हैसूरच्या चित्रनगरीत तिचे चित्रण चालू असताना लागलेल्या आगीत ६२ जणांचे प्राण गेले. १९९० मध्ये प्रक्षेपणाची वेळ आली तेव्हा ही कादंबरी की इतिहास, ह्या वादाने न्यायालय गाठले आणि ही कथा काल्पनिक असल्याची सूचना प्रत्येक भागाबरोबर दाखवावी लागली. तिलिस्म आणि अय्यारी यांनी भारलेली देवकीनंदन खत्री यांची १८८८ मधील ‘चंद्रकांता’ १९९४ मध्ये मालिकारूपाने आली तेव्हा ती मूळ कथेपासून इतकी दूर गेली की, नायक-नायिकांपेक्षा क्रूरसिंहाची लकबच लोकांच्या तोंडी राहिली.

मराठी वाचकालाही हा अनुभव नवा नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकांत अनेक वर्षे नांदले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने त्यांना पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्या भूमिका अशा वठवल्या की, त्यानंतर पुस्तक उघडणाऱ्याला दुसरे चेहरे दिसेनासे झाले. हे यश निर्विवाद होते. तथापि ज्याने त्या आधी आपला स्वतःचा चिमणराव मनात घडवला होता, त्याचा तो चिमणराव कोठे गेला, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

परदेशांतही याच गोष्टीची पुनरावृत्ती झालेली दिसते. जॉर्ज मार्टिन यांच्या अद्भुतकथांवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०१९ मध्ये संपली तेव्हा शेवटचे पर्व पुन्हा करावे, अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. उलटपक्षी, टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या महाकथेचे १९८१ मध्ये बीबीसीने केलेले नभोवाणी-रूपांतर आजही वाचक जिव्हाळ्याने आठवतात. नभोवाणीने पात्रांना आवाज दिला; चेहरे देण्याचे काम श्रोत्यांकडेच राहू दिले. त्यात फ्रोडोचा आवाज देणारे इयन होम वीस वर्षांनी चित्रपटात त्याच्या वृद्ध आप्ताच्या, बिल्बोच्या, भूमिकेत आले तेव्हा जुन्या श्रोत्यांना आपल्या कानांनी राखलेली ओळख पडद्यावर पुन्हा भेटल्याचा आनंद झाला.

मग मालगुडीच्या बाबतीत वाचकांनी पडद्यावरचे गाव का स्वीकारले? पहिले कारण गतीचे आहे. नारायणांच्या कथेत फारसे काही घडत नाही. जे घडते ते मनात. शंकर नाग यांनी त्या संथपणात चेतना आणण्याच्या मोहाने प्रसंग वाढवले नाहीत. एका कथेला एक किंवा फार तर काही भाग, एवढेच माप ठेवल्याने कथा ताणावी लागली नाही. दुसरे कारण रेषेचे आहे. लक्ष्मण यांनी भावाच्या कथांसाठी पूर्वीपासून चित्रे काढली होती. वाचकाच्या मनातील मालगुडीला त्या रेषांचा हलका आधार आधीच होता. मालिकेच्या आरंभी त्याच रेषा दिसल्यामुळे पुस्तकातून पडद्यावर जाताना वाचकाला आपण परक्या दारात उभे आहोत असे वाटले नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ह्या मंडळींनी मालगुडी भव्य केले नाही. जे लहान आहे ते लहान ठेवण्यास मोठे धैर्य लागते. ‘गाइड’च्या निर्मात्यांना मालगुडी अपुरे वाटले होते, शंकर नाग यांना ते पुरेसे वाटले.

असे असले तरी ह्या यशाचीही किंमत मोजावी लागली. पहिली किंमत भाषेची. कानडी मुलखातील माणसांची ही कथा तमिळभाषक लेखकाने इंग्रजीत लिहिली, कोंकणीभाषक दिग्दर्शकाने कन्नड नटांना घेऊन चित्रित केली, आणि देशाने ती हिंदीत ऐकली. ज्या राज्यात परभाषेतील चित्रपट कन्नडमध्ये ध्वनिरूपांतरित करण्याविरुद्ध १९६० च्या दशकापासून चळवळ झाली, तेथे आपल्या अंगणात चित्रित झालेला स्वामी हिंदीत बोलताना ऐकणे हा काही साधा अनुभव नव्हे. पुस्तकात ही अडचण उद्भवत नव्हती, कारण इंग्रजी शब्दांच्या मागे प्रत्येक वाचक आपली भाषा ऐकत असे. पुण्याचा वाचक स्वामीच्या आजीला मराठीत बोलवी आणि धारवाडचा कन्नडमध्ये. पडद्याला मात्र एकच भाषा निवडावी लागते.

दुसरी किंमत भूगोलाची. नारायणांचे मालगुडी नदीकाठचे, बाजारपेठेचे, कचेऱ्या आणि महाविद्यालय असलेले नगर आहे. अरण्य आणि डोंगर त्यापासून दूर, मेम्पीच्या बाजूला आहेत. आगुंबे हे ऐन वर्षावनातील घाटमाथ्याचे खेडे. आज मालगुडी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आगुंब्याचा पाऊस येतो. तो पाऊस नारायणांचा नव्हे, शंकर नाग यांचा आहे. नकाशावर जाणूनबुजून रिकामी ठेवलेली जागा अशा रीतीने भरली गेली. राजस्थानाने मालगुडी पळवले याचा राग लेखकाला आला. आगुंब्याने ते प्रेमाने घेतले, म्हणून कोणालाच राग आला नाही. परंतु दोन्ही वेळा वाचकाच्या अधिकारातील काही भाग गेलाच.

मालिकेनंतरच्या घटनांनी ह्या विचाराला एक अनपेक्षित वळण दिले. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळच्या रस्त्यावर अपघात होऊन शंकर नाग यांचे निधन झाले; वयाची छत्तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये बेंगळूरुत ‘रंग शंकरा’ हे नाट्यगृह उभे राहिले. २००६ मध्ये कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनाखाली मालिकेचे आणखी पंधरा भाग झाले. तथापि लोकांच्या आठवणीत पहिलेच भाग राहिले. २००१ मध्ये नारायण गेले. त्यांचे म्हैसूरमधील यादवगिरीचे घर २०११ मध्ये पाडले जाण्याच्या बेतात होते; वाचकांनी आणि नागरिकांनी आवाज उठवल्यामुळे ते वाचले आणि २०१६ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. २०२० मध्ये रेल्वेने अरसाळूच्या जुन्या स्थानकाची डागडुजी करून तेथे मालगुडीचे संग्रहालय केले. आगुंब्याच्या दोड्डमने वाड्यात आजही प्रवासी येतात आणि स्वामीच्या घराच्या ओसरीवर बसून जेवतात.

अरसाळूचे हे संग्रहालय विचार करण्याजोगे आहे. १९३० मध्ये बेंगळूरुतील एका तरुणाला दिसलेले स्थानक कोठेही नव्हते. नव्वद वर्षांनी एक खरे स्थानक, जेथून खऱ्या गाड्या जात आल्या, त्या नसलेल्या स्थानकाचे स्मारक झाले. स्वामीचा मित्र राजम गाव सोडून जातो तेव्हा त्याला निरोप देण्यास स्वामी धावत जातो, तो प्रसंग कादंबरीच्या अखेरीस आहे. वाचताना तो फलाट प्रत्येकाचा निराळा होता. कोणाचा मिरजेचा, कोणाचा मनमाडचा, कोणाचा हुबळीचा. आता फलाटाला पाटी लागली आहे.

ह्यावरून रूपांतरे करूच नयेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. मालिका झाली नसती तर मालगुडी इंग्रजी वाचणाऱ्या मूठभर लोकांचे राहिले असते. व्यासांची कथा कन्नडमध्ये कुमारव्यासाने आणि मराठीत मोरोपंतांनी आपापल्या रीतीने सांगितली, म्हणूनच ती अशिक्षितांच्या ओठांवर पोहोचली. परंतु कीर्तनकार एकच आख्यान दहा गावांत दहा रीतींनी लावी आणि ऐकणाऱ्याच्या मनात हस्तिनापूर मोकळे ठेवी. चित्राला ही मोकळीक देता येत नाही. त्यासाठी त्याने अधिक नम्र असले पाहिजे, एवढाच धडा मालगुडीच्या इतिहासातून घेता येतो. वाचकाच्या रागाकडे केवळ हट्ट म्हणून पाहणे योग्य नव्हे. ज्याने एखाद्या गावात मनाने वर्षानुवर्षे वास्तव्य केले, तो त्या गावचा रहिवासी आहे, आणि रस्ता बदलताना रहिवाशाला विचारावे, हा साधा संकेत आहे.

आणि वाचकाच्या हातीही एक उपाय उरतोच. मालिका पाहून झाल्यावर त्याने ते जुने पुस्तक पुन्हा उघडावे. आरंभीच्या काही पानांत मंजुनाथचा चेहरा आणि आगुंब्याची कौले आड येतील. मग हळूहळू सोमवारच्या सकाळी शाळेच्या धास्तीने जागा झालेला तो मुलगा पुन्हा अनोळखी होईल, शरयूला पुन्हा आपल्या गावच्या नदीचे पाणी येईल, आणि स्थानकावरची पाटी कोरी दिसू लागेल.